थंडीची बेगमी

आमच्या जावळीत थंडीची कामं ऐन उन्हाळ्यात निघतात. एप्रिल सरत आला की कुणाच्या तरी छपरावर कौलं चाळणारा गडी चढलेला दिसतो, अंगणात वाकळा उलटसुलट करून वाळत घातलेल्या असतात, पडवीच्या भिंतीला लाकडांची चवड कमरेएवढी होते. बघणाऱ्याला वाटावं, ही पावसाची तयारी. ती आहेच. पण डोंगरातली बाई पाऊस आणि थंडी यांचा हिशेब वेगवेगळा मांडत नाही. मृगाला भिंतीत शिरलेली ओल दिवाळी झाली तरी तिथंच असते आणि मार्गशीर्षात वारं सुटलं की माणसांच्या गुडघ्यांत नि छातीत उतरते. भिंत कोरडी राहिली तर निम्मी थंडी उंबऱ्याबाहेर राहिली, असं आई म्हणते. आयुष्यभर तिनं घर सांभाळलं ते याच बेतानं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, जावळीतल्या मेढ्याच्या वर, महाबळेश्वरच्या डोंगराला पाठ टेकून. सासर सांगलीला, कृष्णेच्या काठाजवळ. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटर उंच, आणि तिथं वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशे मिलिमीटर पडला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. थंडीही तशीच दोन जातींची. डोंगरातली ओली. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे वेण्णा तलावाच्या काठावर दव गोठून गवत पांढरं पडतं, पण त्याहून जास्त छळतो तो कपड्यांत, अंथरुणात मुरलेला गारठा. माण, आटपाडी, जतकडची थंडी कोरडी. ती ओठ फोडते, टाचांना भेगा पाडते, रात्री उघड्या माळावर सणसणीत लागते आणि दहा वाजता ऊन आलं की पार पळून जाते. सांगली या दोहोंच्या मध्ये. नदी आणि उसाची रानं यांमुळे पहाटे धुकं धरून बसणारी. लग्नानंतर मी या थंड्यांमध्ये एसटीनं ये-जा करत आले. वर जाताना पिशवीत हळद, मनुका, गूळ. खाली येताना मध, हिरडा, नाचणी. या ये-जा करण्यातूनच मला एक गोष्ट दिसत गेली. घरगुती उपाय म्हणून आपण जे सांगतो ते एका विशिष्ट घराच्या मापाचे असतात. घर बदललं की उपायाचं माप पुन्हा घ्यावं लागतं, आणि ते कुणी घेत नाही.

आधी ते जुनं घर सांगते. बाहेरच्या भिंती दगडमातीच्या, आतल्या आणि गोठ्याकडच्या कारवीच्या कुडाच्या. कारवी आमच्या रानात उदंड. सात वर्षांनी एकदा अख्खा डोंगर निळा-जांभळा करून फुलते, बी धरते आणि वाळून जाते. तिच्या सरळ काठ्या शेजारी शेजारी उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी लिंपायच्या. लिंपणाला माती, शेण आणि भाताचं तूस. आई गारा कालवला की आधी एक मूठ घट्ट दाबून बघायची. मूठ उघडल्यावर गोळ्याला तडा गेला तर पाणी कमी, बोटांच्या फटींतून गारा बाहेर आला तर जास्त. जमलं की डाव्या हातावर गोळा घेऊन उजव्या तळव्याच्या मागच्या, मांसल भागानं खालून वर ओढायची. एक ओढ संपते तिथं दुसरी थोडी आत घेऊन सुरू. भिंत वाळली की तिच्यावर हाताच्या कमानी उमटलेल्या राहत, एकीत एक अडकलेल्या, जोत्यापासून आढ्यापर्यंत. कुणाचा कूड कुणी लिंपलाय हे वाडीतल्या बायका त्या कमानींवरून ओळखत. आमच्या आज्जीचा हात आखूड, तिची कमान गोल, आईची लांबट. मी चित्रकलेचा पहिला धडा या भिंतीपुढे बसून घेतला, असं मला मनापासून वाटतं. शाळेतली वही त्यानंतरची.

अशी भिंत हवेतली ओल शोषते आणि हवा कोरडी झाली की परत देते. गुरं त्याच छपराखाली, एका कुडापलीकडे. त्यांच्या अंगाची ऊब घरात येत राहते. डोक्यावर माळा, माळ्यावर पेंढा. खालच्या चुलीची धग पेंढ्यापाशी अडते आणि खोलीतच राहते. धूर मात्र कौलांच्या फटींतून निघून जातो आणि जाता जाता वासे, कारवी, दोऱ्या यांना कीड लागू देत नाही. उतरतं छप्पर भिंतीच्या बरंच पुढं काढलेलं, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. त्या पडतात तिथं चर खणलेला. पावसाच्या झोताकडच्या अंगाला गवताचा जाड पडदा बांधायचा आणि दिवाळीला सोडायचा. यातली एकेक गोष्ट सुटी काढली तर किरकोळ आहे. सगळ्या मिळून ते घर जुलैच्या झडीतही राहण्याजोगं ठेवत.

पण ते घर सुखाचं होतं, असं मला कुणाला सांगायचं नाही. चुलीच्या धुरानं आज्जीचे डोळे कायम लाल, आणि म्हातारपणी तिला जो दमा लागला तो त्या चुलीनंच दिला होता. आठवड्याला सारवण, वर्षाला लिंपण, दर उन्हाळ्याला कौलं. हे कष्ट बायकांचे, त्यांची मजुरी कुठं मांडली जात नव्हती. आज शहरातून येऊन मातीच्या घरांचं कौतुक करणाऱ्यांनी आधी एखादं घर एकदा सारवून बघावं, मग बोलावं. वाडीत सिमेंटची घरं झाली, गॅस आला, मला त्याचा आनंदच आहे.

तरी या नव्या घरांत थंडी वाढली, हेही खरं. आईच्या घराची दगडमातीची भिंत चांगली पक्की दिसावी म्हणून तिच्यावर सिमेंटचा गिलावा झाला. वर्षभरात तो पोपडे धरून फुगला. मातीच्या भिंतीला जमिनीतून आणि बाहेरून ओल येतच असते, ती तिला वाऱ्यावर सोडायची असते. सिमेंटनं तिची वाट बंद होते आणि पाणी भिंतीच्या पोटातच राहतं. अशा भिंतीला चुन्याचा गिलावा आणि चुन्याची सफेदी मानवते, कारण चुना ओल बाहेर जाऊ देतो. कौलं काढून पत्रा घातला, तिथं वेगळीच तऱ्हा. थंडीच्या रात्री पत्रा बाहेरून गार पडतो, माणसांच्या श्वासातली वाफ आतून त्याला चिकटते, आणि पहाटे अंथरुणावर थेंब पडायला लागतात. घर गळतंय म्हणून लोक पत्र्याला डांबर लावत बसतात. गळत काहीच नसतं. पत्र्याखाली हातभर जागा सोडून बांबूचे तट्टे ताणून बसवले आणि दोन्ही टोकांना वारा खेळायला फट ठेवली, तर थेंब थांबतात, खोली उबदार होते आणि उन्हाळ्यात ती तापतही नाही. जुन्या माळ्याचंच हे काम, फक्त पेंढा नाही. मेढा, वाई, सातारा कुठंही बुरूड तट्टे विणून देतात. कपाट भिंतीला चिकटवू नये, चार बोटं पुढं ठेवावं. ओले कपडे निजायच्या खोलीत वाळत घालू नयेत. दुपारच्या उन्हाला दोन समोरासमोरच्या खिडक्या तासभर उघडाव्यात. इतकं केलं तरी भिंतीवरची काळी बुरशी बरीच आटोक्यात येते.

आणि आता शेगडी. याबद्दल मला हात जोडून सांगायचं आहे. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, बाळाला ओवा, वेखंड, बाळंतशोपा यांची धुरी, उपड्या डालग्यावर लंगोट वाळत घालून खाली निखारे, हे आमच्याकडे घरोघरी चालायचं आणि अजून चालतं. जुन्या घरात ते चाललं, कारण ते घर फटींचं होतं. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, धुरासारखी डोळ्यांची आगही होत नाही. कौलांतून तो निघून जायचा. आता वर स्लॅब आहे, खिडकीला सरकती काच आहे, थंडी येऊ नये म्हणून दाराखाली गोधडीची घडी आहे, आणि आत तीच शेगडी आहे. अशा खोलीत झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत. दर हिवाळ्यात देशात कुठून ना कुठून ही बातमी येते. घर सुधारलं आणि उपाय तोच ठेवला, म्हणून ही माणसं जातात.

शेगडी बंद खोलीत नको, झोपताना तर नकोच. शेकायचं असेल तर तव्यावर जाडं मीठ किंवा वाळू गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधावी, आपल्या गालाला लावून बघावी, मग दुसऱ्याच्या अंगाला लावावी. रबरी पिशवी आहे, तिच्यात उकळतं पाणी भरू नये. तान्ह्या बाळाला तर शेगडीपेक्षा चांगली जागा निसर्गानंच दिली आहे. आईच्या उघड्या छातीशी बाळाला उघड्या अंगानं धरायचं, डोक्याला टोपडं, वरून दोघांना मिळून पांघरूण. कमी वजनाच्या बाळांसाठी आता दवाखान्यांतही हेच शिकवतात, त्याला कांगारू पद्धत म्हणतात. माझ्या भाचीला तसं धरून बसलेली तिची आई बघून आमची आज्जी म्हणाली होती, “आगं, माकडीण न्हाई का पोराला पोटाशी धरून हिंडत? ह्यात काय नवं?” धुरीला मात्र माझा साफ विरोध आहे. एवढ्याशा फुप्फुसांत धूर कशाला?

पांघरुणांपैकी घोंगडीवर माझा जीव आहे. ती येते माणदेशातून, म्हसवड, आटपाडी, जतकडच्या कोरड्या माळांवरून. धनगरांनी मेंढरं कातरायची, बायकांनी लोकर पिंजून सूत काढायचं, सनगरांनी खड्ड्याच्या मागावर ते विणायचं. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ देतात. चिंचोके भिजवून, कुटून, शिजवून केलेली ती लापशी सुताला ताठ करते, आणि नव्या घोंगडीला जो आंबूस-करपट वास असतो तो तिचाच. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर सगळ्यांत मऊ, तिच्या घोंगडीला जावळाची म्हणतात आणि तिची किंमतही तशीच. बाकीची टोचते. पहिल्या रात्री टोचते, मग अंगाला सवय होते. लोकरीत हवा अडकून राहते म्हणून ऊब, हे कळण्यासारखं आहे. तिची खरी करामत ओलीत दिसते. आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ पिऊनही लोकर हाताला ओली लागत नाही, उलट ती वाफ पिताना थोडी उष्णता सोडते. भातलावणीच्या चिखलात डोक्यावर घोंगडीची खोळ घेतलेला माणूस दिवसभर पावसात उभा राहायचा तो याच्या बळावर. कापसाची रजई अशा हवेत चार दिवसांत जड होऊन वास मारते.

घोंगडी महागली आणि विणणारे हात कमी झाले, याचं दुःख सगळेच करतात. कारण मात्र बाजारात आहे. आज मेंढी पाळतात ती मटणासाठी. जत तालुक्यातली माडग्याळ जातीची मेंढी उंच, वाढीला जोरदार, तिच्यावर लोकर जेमतेम. फलटणच्या निंबकर संस्थेनं दख्खनी मेंढीत गारोळ जातीचा गुण आणून नारी सुवर्णा ही जुळी कोकरं देणारी मेंढी तयार केली, तीही जास्त कोकरांसाठी. धनगराच्या पदरात चार पैसे यातूनच पडतात, त्यात त्याचं काही चुकत नाही. लोकरीला भाव मिळाला तरच माग चालेल. म्हणून थंडीच्या मुलखात राहणाऱ्या आणि परवडणाऱ्या प्रत्येकानं पॉलिस्टरच्या दोन ब्लँकेटांऐवजी एक घोंगडी घ्यावी, असं मी भेटेल त्याला सांगत असते.

वाकळ मात्र घरातच होते, आणि तिला विकत घेण्यासारखं काही लागत नाही. मे महिन्यात दुपारची जेवणं आटोपली की ओटीवर जुनी लुगडी अंथरायची. तळाचं लुगडं ताणून चारी कोपऱ्यांवर वरवंटा, पाटा, तांब्या, जे हाताशी येईल ते ठेवायचं. मग थरावर थर. फाटका भाग आला की त्यावर दुसऱ्या धडक्याचा तुकडा, असं करत सगळीकडे जाडी सारखी आणायची. यात डोळ्यापेक्षा तळवा जास्त कामाला येतो. हात फिरवला की कुठं खड्डा आहे ते समजतं. लांब लांब टाके घालून सगळं पक्कं केलं की कडेपासून शिवायला सुरुवात. चार बाजूंनी चौघी बसतात, एकीचा दोरा दुसरीच्या कोपऱ्यापाशी पोचतो, आणि टाक्यांचे चौकोन एकाच्या आत एक सरकत मध्यापर्यंत येतात. मधे शेवटी जेमतेम हाताएवढा तुकडा उरतो. तिथं सगळ्यांत वयस्कर बाईनं काहीतरी काढायचं, तुळस, पाखरू, चांदणी. आमच्या घरातल्या एका वाकळीवर एसटी आहे, चार चाकं आणि तीन खिडक्यांची, कारण ज्या वर्षी वाडीपर्यंत गाडी आली त्या वर्षी ती शिवली. चित्र काढायचं शिक्षण कुणाला नव्हतं. कागदही नव्हता. या बायकांना जे सुचलं ते त्यांनी पांघरुणावर काढलं आणि त्यात पोरं गुंडाळून निजवली.

इथंही माप बदललंय. सुती लुगडी संपली. आता जुन्या साड्या म्हणजे नायलॉन नि जॉर्जेट; त्या घाम पीत नाहीत, थर एकमेकांवरून घसरतात, आणि विस्तवाजवळ धोक्याच्या. म्हणून आम्ही आत जुन्या सुती चादरी, धोतरं, लेंगे, मुलांच्या शाळेचे गणवेश घालतो आणि वर-खाली एकेकच साडी ठेवतो, तीही सुती मिळाली तर उत्तम. वाकळ जड झाली की धुवायला कुणी धजत नाही, म्हणून जाडी बेतानंच ठेवावी.

खाली सांगलीत थंडीचं औषध जमिनीखाली असायचं. सांगलीलगत हरिपूरला कृष्णा आणि वारणा मिळतात. तिथल्या चिकट, घट्ट मातीत हळद साठवायची पेवं खणलेली होती. तोंड एका माणसाला उतरता येईल एवढंच, आत पोट मोठं. तळाला आणि कडेनं पाचटाचं अस्तर, वर मातीनं तोंड बंद. आत हवा नाही, म्हणून कीड नाही. हळद वर्षानुवर्षं टिके. पेव फोडल्यावर लगेच उतरायचं नाही, कंदील खाली सोडून बघायचा. विझला तर आत श्वास घेण्याजोगी हवा नाही, थांबायचं. मला हा कंदील फार आवडतो. ज्या लोकांनी कधी रसायनशास्त्राचं पुस्तक उघडलं नाही त्यांना बंद जागेतली हवा माणूस मारते हे पक्कं ठाऊक होतं. शेगडीचा वायू मात्र असा कंदील विझवून इशारा देत नाही, म्हणून ती पेवापेक्षा दगलबाज. २००५च्या महापुरात पाणी पेवांत शिरलं आणि त्यांतली पुष्कळ कायमची गेली. हळद आता शीतगृहात राहते. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या आत्यांनी, म्हणजे सासूबाईंनी, पेपर दोनदा वाचून घडी घालून कपाटात ठेवला.

आत्या दळलेली हळद विकत आणत नाहीत. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी हळद शिजवून, वाळवून, घासून बाजारात आली की हळकुंडं घेतात, एक मोडून बघतात, मोड नारिंगी आणि कडक आहे ना, आणि गिरणीतून स्वतः उभं राहून दळून आणतात. मला हे आधी हौसेचं वाटे. भुकटीला रंग यावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट हे शिशाचं विषारी संयुग मिसळल्याची प्रकरणं देशात आढळली आहेत हे वाचलं, आणि मीही तसंच करायला लागले. हळदीच्या दुधातही त्यांची रीत आहे. दूध सायीचं, हळद चिमूटभर, ती दुधातच उकळायची, आणि वर दोन मिरे कुटून. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, त्याला स्निग्ध पदार्थ लागतो. आणि मिऱ्यातल्या पिपरीननं ते अंगी लागायचं प्रमाण कित्येक पटींनी वाढतं, हे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं. आत्यांना ते त्यांच्या सासूनं दाखवलं होतं.

सर्दी-पडशाला आमच्या दोन्ही घरांत जे खरं चालतं ते मात्र माणदेशी. हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळायचे. तेलात लसूण ठेचून टाकायची, जिरं, तिखट बेताचं, पाणी उकळलं की थंड पाण्यात कालवलेलं पीठ सोडायचं आणि गुठळी होऊ न देता हलवत राहायचं. वाफाळतं वाटीतून ओरपायचं. नाक मोकळं होतं, पोटात दम येतो, आणि तापानं तोंडाची चव गेलेल्या माणसालाही ते जातं. कोरेगाव भागातलं आलं, कऱ्हाडकडचा गूळ, परसातला गवती चहा यांचा काढा आहेच, पण काढा म्हणजे नुसतं पाणी. आजाऱ्याच्या पोटात अन्न जायला हवं. म्हणून मी माडग्याच्या बाजूची.

मध डोंगरातला. महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघर गावाला २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर केलं, पण मधमाश्यांवर आमच्या भागातली कुटुंबं त्याच्या कितीतरी आधीपासून जगत आली. जांभळीचा मध किंचित कडसर, तो खोकल्याला आई राखून ठेवते. रात्री निजताना चमचाभर मध दिला की मुलांचा खोकला उतरतो, हे डॉक्टरही मान्य करतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा चाटवू नये. आपल्याकडे जन्मल्या जन्मल्या मध चाटवायची रीत आहे आणि ती प्रेमानं पाळतात. पण मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात, ते मोठ्यांच्या आतड्यांत निमूट पडून राहतात आणि तान्ह्याच्या आतड्यांत विष तयार करतात, अंग लुळं पाडणारं. ही रीत आपण सोडायला हवी.

आणि खोकला दोन आठवड्यांवर गेला तर मध, हळद, काढा सगळं बाजूला ठेवून थुंकी तपासायला जावं. या दोन जिल्ह्यांना हे कुणी शिकवायला नको. पाचगणीच्या हवेत डॉ. रुस्तुम बिलिमोरियांनी १९१२ साली बेल-एअर हे क्षयरोग्यांचं आरोग्यधाम काढलं. सांगली-मिरजेच्या मधल्या वानलेसवाडीलाही क्षयरोग्यांसाठी असंच आरोग्यधाम होतं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभारणाऱ्या डॉ. विल्यम वानलेस यांचं नाव त्या वस्तीला आहे. क्षयावर औषधच नव्हतं त्या काळात माणसं तिथं चांगली हवा, विश्रांती आणि सकस अन्न यांच्या आधारानं महिनोन्‌महिने झुंजली. औषध आलं १९४०च्या दशकात. आज ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. ज्यांना ते मिळालं नाही त्यांची आठवण ठेवून तरी आपण काढ्याच्या भरवशावर दिवस घालवू नयेत.

थंडीच्या मुलखात सुचतं काय आणि लिहितं कोण, असं मला एकानं विचारलं होतं. मी त्याला पाचगणीजवळच्या भिलारला घेऊन गेले. ४ मे २०१७पासून ते पुस्तकांचं गाव आहे. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या माणसांनी आपल्या घरांच्या पुढच्या खोल्या वाचणाऱ्यांसाठी उघड्या केल्या. आता विचार करा, या ओलीत, या धुक्यात पुस्तकं सांभाळायची म्हणजे काय. पुस्तकांना बाहेरची भिंत चालत नाही, खालचा कप्पा चालत नाही, दाटी चालत नाही. उघडीप मिळाली की पानं मोकळी करावी लागतात. वाकळींची जी निगा ती पुस्तकांची. इथल्या बाईला ती आधीच माहीत होती, म्हणून मला वाटतं हे काम या डोंगरात जमून गेलं. दुसरी जागा अगदी उलट्या टोकाची, आटपाडी तालुक्यात माडगूळला, मळ्यात. बामणाचा पत्रा. ग. दि. माडगूळकर पुण्या-मुंबईच्या धबडग्यातून तिथं येऊन राहत. नाव पत्र्याचंच. थंडीत गारठणाऱ्या आणि उन्हात भाजणाऱ्या त्या पत्र्याखाली त्यांना स्वस्थ वाटे. धाकटे व्यंकटेश माडगूळकर, ज्यांनी त्याच माळावरची धनगरांची वस्ती ‘बनगरवाडी’त कायमची उभी केली, त्यांचंही हेच रान. चार भिंती कोरड्या असाव्यात, अंगावर काहीतरी असावं, आणि कुणी उठवायला येऊ नये, एवढ्यावर माणसाला सुचतं. बायकांच्या वाट्याला त्यातलं तिसरं फार कमी आलं. म्हणून त्या चौघी मिळून शिवायला बसल्या.

यंदा मे महिन्यात आईच्या स्वयंपाकघराच्या पत्र्याखाली तट्टे बसवायचे आहेत. मेढ्याच्या बुरडाला मापं दिली आहेत, भाऊ लाकडी पट्ट्या कापून ठेवणार आहे. पश्चिमेच्या भिंतीचं सिमेंट काढून चुना करायचं ठरतंय, गवंडी मिळाला तर. आत्यांनी हळकुंडं बांधून ठेवलीत आणि त्यांचं एक इरकली लुगडं माझ्या हवाली केलंय, विरलेलं पण काठ शाबूत, नव्या वाकळीच्या आतल्या थराला म्हणून. आईला फोनवर सांगितलं तर ती ऐकायला तयार नाही. इरकली काठाचं लुगडं कुणी आत घालतं का, ते वर दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. आत्या म्हणतात, “अंगाला मऊ काय लागंल ते बघ म्हणावं, दिसायचं ऱ्हाऊ दे. आतच घाला.” दोघींचा अजून निकाल लागलेला नाही. लुगडं मी धुऊन, वाळवून पिशवीत भरून ठेवलं आहे.